भिंतीतला विसावा

नांद्रेकर सरांनी मला दोनदा नापास केलं. पहिल्यांदा सांगलीच्या कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये. दुसऱ्यांदा कुपवाडला, माझ्याच वर्कशॉपात, माझ्याच खुर्चीत बसून. पहिल्या वेळचा राग मी पंधरा वर्षं लोणच्यासारखा मुरवला. दुसऱ्या वेळी रागवायला तोंडच उरलं नव्हतं.

पहिल्या वेळी झालं असं, की लोलकाच्या प्रयोगात माझं उत्तर अगदी पुस्तकातल्यासारखं आलं होतं. सरांनी वही जवळ धरून पाहिली, लांब धरून पाहिली आणि विचारलं, "पवार, आकडे आधी लिहिलेस की उत्तर?"

मी वही मिटायला हात पुढं केला.

"आधी आकडा, मग अचंबा," ते म्हणाले. "तू आधी अचंबा लिहिलास आणि मग त्याला शोभतील असे आकडे गोळा केलेस." आणि दिला भोपळा. वर्गातला निम्मा माल तसलाच होता, पण भोपळा मला एकट्याला. बाकीच्यांनी निदान उत्तर थोडं चुकवायची अक्कल दाखवली होती.

'आधी आकडा, मग अचंबा' हे त्यांचं ब्रीदवाक्य. सांगलीतल्या तीन पिढ्यांनी ते ऐकलं असेल. दुसरं वाक्य लॉग टेबलाचं. त्यांच्या शर्टाच्या खिशात ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं चार आकडी लॉग टेबल कायम असायचं, दुसऱ्या कुणाच्या खिशात चष्म्याचं घर असतं तसं. एखाद्या पोरानं हौसेनं दशांशानंतर सहा-सात आकडे लिहिले की सर लाल पेनानं पाचव्यापासून पुढचे सगळे खोडायचे. "चार स्थळं पुष्कळ झाली. पाचवं स्थळ मुलीच्या लग्नाला बघा." पोरी लाजायच्या, पोरं खिदळायची, आणि तो नियम आमच्या हाडात जाऊन बसायचा.

उंच, काटकुळा माणूस. पांढरा हाफ शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत घरून गाळून आणलेल्या पाण्याची स्टीलची बाटली. सर जैन. सांगलीच्या आसपास जैन पुष्कळ, पण सरांइतकं घड्याळ लावून धर्म पाळणारा मी पाहिला नाही. सूर्य मावळायच्या आत जेवण. ते चुकलं तर उपास, त्यावर चर्चा नाही. खुर्चीवर बसायच्या आधी रुमालानं हलकेच झटकायचे, न जाणो एखादी मुंगी असली तर. स्वभाव मात्र मुंगी जपणाऱ्या माणसाला शोभेल असा मुळीच नव्हता. कौतुक त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. चहा घेत नसत. आणि हट्टी इतके, की चुकलेल्या वाटेनं परत फिरायचं तरी त्याच वाटेनं फिरायचं. तो हट्ट त्यांना पुढं महागात पडला, आणि त्याच हट्टानं त्यांना तारलंही.

मी कसाबसा पदवीधर झालो आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे पंखे बनवायला लागलो. पंच्याण्णव साली ड्रॉइंगसाठी एक कॉम्प्युटर घेतला. ही बातमी कुणाकडून तरी सरांच्या कानावर गेली असणार. एके दिवशी दुपारी दीडला लूनाचा फटफटाट झाला आणि पंधरा वर्षांचा माझा राग दारात येऊन उभा राहिला.

"पवार, तुझ्याकडं कॉम्प्युटर आहे म्हणे."

"आहे, सर."

"दुपारी काय करतोस त्याचं?"

"काही नाही, सर."

"मग मी करतो," म्हणाले, आणि माझी खुर्ची रुमालानं झटकून बसले. पुढची तीन वर्षं दुपारी दीड ते चार ती खुर्ची माझी नव्हती.

त्यांचं काय चाललंय हे मी हळूहळू समजून घेतलं, तेही त्यांना वैताग येईपर्यंत विचारून. सरांनी तेरा वर्षांपूर्वी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. विषय असा, की अणूसारखी बारकी वस्तू भिंतीतून पलीकडं कशी जाते. चेंडूला भिंत ओलांडायची तर भिंतीच्या वरून जाण्याइतका जोर लागतो. अणूला तेवढा जोर नसला तरी तो कधी कधी पलीकडं सापडतो. पुस्तकात ह्याला बोगदा म्हणतात. सरांना तो शब्द सहन व्हायचा नाही. "बोगदा कुणी खणला? भिंतीला भोक पडतं का? नाही ना? मग कसला बोगदा!" त्यांचं म्हणणं, ह्या सगळ्याकडं पाणी वाहतंय असं बघायचं. दोन वाट्या, मधे भिंत. कुठल्या जागी द्रव किती दाट आहे आणि कुठल्या वेगानं चाललाय, एवढंच प्रत्येक क्षणी मोजत जायचं. भिंतीच्या आतसुद्धा.

"म्हणजे पाझर तलावासारखं?" मी विचारलं.

"नाही. बांधाची माती पाण्याला घासते. इथं घासणं नाहीच. आणि ह्या द्रवाला एक जादा दाब आहे. जिथं तो दाट-विरळ होतो तिथं तो स्वतःच स्वतःला रेटतो. मागच्यांनी रेटलं म्हणून पुढचे भिंतीत शिरतात आणि पार होतात. मागचे अलीकडंच राहतात."

तेरा वर्षं ह्या विषयाला कुणी विचारलं नव्हतं. त्यांचे गाइड तोंडावर म्हणायचे, की एका अणूला पाणी कशाला म्हणायचं, उगाच द्राविडी प्राणायाम. आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत कुणीतरी अणूंचा वायू इतका थंड केला, की त्यातले हजारो अणू मिळून एकच लाट झाल्यासारखे वागायला लागले. म्हणजे सर म्हणत होते तसला द्रव खरोखरच तयार झाला. पेपरात चार ओळी आल्या होत्या. सरांनी ते कात्रण लॉग टेबलात ठेवलं होतं. चोपन्न वर्षांच्या माणसाला आपली गाडी अजून सुटलेली नाही असं कळलं की तो कसा धावतो, ते मी रोज दुपारी पाहत होतो. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती, सत्त्याण्णवच्या मार्चपर्यंत. त्याच्या आत प्रबंध गेला तर डॉक्टर, नाहीतर नाव रद्द.

अडचण एकच होती. दुपारी चारला वसाहतीची लाइट जायची. रोज. घड्याळ लावून घ्यावं अशी जायची आणि रात्री आठला यायची. एका पूर्ण गणिताला कॉम्प्युटरवर पन्नासएक तास लागायचे आणि आम्हाला दिवसाला मिळायचे अडीच. मी म्हटलं, रात्री चालू ठेवून जाऊ. सर म्हणाले, "मशीन जागं ठेवून माणसानं झोपू नये." मी म्हटलं, चारला जिथवर आलंय ते फ्लॉपीवर ठेवू. पण आमच्या लोखंडाच्या भुशानं दोन फ्लॉप्या आधीच खाल्ल्या होत्या, आणि एकदा व्होल्टेज उसळून कॉम्प्युटरची आतली डिस्कही गेली होती. तेव्हापासून सरांचा विश्वास फक्त कागदावर.

म्हणून पद्धत अशी पडली. लाइट गेली की बॅटरीवर कॉम्प्युटर आणि प्रिंटर दहा मिनिटं तग धरायचे. तेवढ्यात सर प्रोग्रॅम थांबवून त्या क्षणाचे दोनशे चाळीस आकडे कागदावर छापून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी दीडला मी कागद धरून आकडे वाचायचो, सर ते टाइप करायचे, आणि गणित काल थांबलं तिथून पुढं निघायचं.

कागदाच्या मधे भिंतीची जागा आली की माझी मजा व्हायची. सलग दहा-बारा ओळी नुसती शून्यं. "शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य. पुन्हा तेच. पुन्हा तेच." सर न बघता शून्य ठोकत जायचे. शून्यानं भागायची वेळ आली तर प्रोग्रॅम अडकतो, म्हणून त्यांनी त्यात आधीच एक ओळ घालून ठेवली होती, की शून्य दिसलं तर अगदी बारीक एक आकडा धरायचा आणि पुढं चालायचं.

वर्षभरात एक अजब गोष्ट हाती लागली. द्रव भिंतीतून एकसारखा जात नव्हता. थोडा जायचा, थांबायचा, पुन्हा जायचा. पलीकडच्या वाटीत किती जमलं त्याचा आलेख काढला की जिन्याच्या पायऱ्या दिसायच्या. सरांनी भिंत उंच केली, पायऱ्या तिथंच. भिंत रुंद केली, पायऱ्या तिथंच. मला त्या दिवशीचा त्यांचा चेहरा आठवतो. त्यांनी लॉग टेबल खिशातून काढून उगीच टेबलावर ठेवलं. "पवार, भिंत कशीही असो, हा ठरलेल्या वेळीच थांबतो. म्हणजे ह्याला भिंतीशी देणंघेणं नाही. हा ह्याचा स्वतःचा स्वभाव आहे." त्यांनी त्याला नाव दिलं 'विसावा'. प्रबंधाचा मधला, सगळ्यांत मोठा भाग विसाव्यावर लिहिला. साताऱ्याच्या एका कॉलेजात जानेवारीत चर्चासत्र होतं, मुंबईहून एक मोठे शास्त्रज्ञ यायचे होते. सरांचा निबंध तिथं स्वीकारला गेला आणि त्या शास्त्रज्ञांचं कार्ड आलं, की विसाव्याबद्दल ऐकायला उत्सुक आहे. ते कार्डही लॉग टेबलात गेलं.

आता फौजींबद्दल सांगायला हवं. हणमंत जाधव आमचे फिटर. साताऱ्याकडचे, सैन्यात वीस वर्षं गाड्यांची इंजिनं खोलून आलेले. सगळे त्यांना फौजी म्हणायचे, सर मात्र 'जाधव' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. फौजींना सर खुर्ची झटकतात त्याची फार गंमत वाटायची. "आवं सर, हितल्या आवाजानं माणूस टिकंना, मुंगी कुठली यायला बसलीय?"

साताऱ्याच्या आधीचा रविवार होता. सरांनी सगळे कागद चिकटवून एक लांबच लांब आलेख केला होता, आणि तो पसरायला घरात जागा नाही म्हणून माझ्या वर्कशॉपच्या फरशीवर अंथरला. फौजी सुट्टी असूनही एक मशीन उघडून बसले होते. हात पुसत आले, आलेखाच्या कडेकडेनं चालत गेले, परत आले.

"सर, ही पायरी कशाची म्हनायची?"

"विसावा. द्रव इथं थांबतो."

"आणि दोन पायऱ्यांत अंतर केवढं?"

"साधारण अडीच तासांचं गणित."

फौजी पुन्हा चालत गेले आणि एका ठिकाणी उकिडवे बसले. "हितं बगा. हितं पायरीच न्हाई. लांबच्या लांब सरळ गेलीय."

"तो अपवाद आहे. त्याचं कारण शोधतोय मी."

"कवाचं हाय हे?"

सरांनी कडेची तारीख वाचली. फौजींनी माझ्याकडं पाहिलं. "मालक, ह्या दिवशी मंत्री आलं न्हवतं का वसाहतीत? लाइट गेलीच न्हाई त्या दिवशी. आपन सात वाजस्तवर काम केलं." मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "सर, मी आडाणी मानूस. पर ही समदी लाइट जायची वेळ हाय."

त्या दिवशी चारला लाइट गेली नाही म्हणून सर प्रथमच साडेपाचपर्यंत बसले होते, तेही मला आठवलं. सर फरशीवर बसले. खुर्ची नव्हती, त्यामुळं झटकायचा प्रश्न नव्हता, आणि मला वाटतं, असती तरी त्यांनी झटकली नसती.

दुसरा कुणी असता तर फौजींवर खेकसला असता. सर उठले आणि म्हणाले, "करून बघू." गणित सुरू केलं. चांगली लाइट असताना, मधेच, मनाला येईल त्या क्षणी थांबवलं, आकडे छापले, मी वाचले, त्यांनी टाइप केले, पुन्हा चालू केलं. तासाभरानं पडद्यावर पायरी उमटली. आम्ही थांबवलं होतं बरोबर तिथं. "सांगू तिथं विसावा घेतोय," सर म्हणाले. मग त्यांनी छपाईची ओळ बदलून चाराऐवजी दहा आकडे छापायला लावले आणि पुन्हा तेच केलं. ह्या वेळी भिंतीच्या जागी माझी शून्यं नव्हती. शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य, आणि त्यापुढं तीन, सात, एक. इतके दिवस तिथं द्रव होता. अगदी विरळ, पण होता. आम्ही तो रोज चारला कागदावर खुडून टाकत होतो, आणि दुसऱ्या दिवशी तो बिचारा पुन्हा भिंतीत शिरेपर्यंत सगळा प्रवाह थांबायचा. नव्यानं सुरू केल्यावर पायरी आली नाही.

कागदावर चारच आकडे का छापले? कुणी विचारायची गरज नव्हती. सरांनी खिशावर हात ठेवला, लॉग टेबलावर. तीस वर्षं पोरांच्या वह्यांतले पाचवे आकडे खोडणाऱ्या माणसानं प्रोग्रॅममधेही ते खोडले होते.

आता माझं. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला सरांची कणव आली होती. मी म्हटलं, "सर, कुणाला कळणार आहे? साताऱ्याला वाचा, मार्चमध्ये प्रबंध देऊन टाका. डॉक्टर व्हा. मग सावकाश दुरुस्ती करा. फौजी बोलणार नाहीत, मी बोलणार नाही."

सर माझ्या खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, कॉलेजात पाहिलं होतं तसंच.

"पवार, तू परत नापास," ते म्हणाले. "पण ह्या वेळी आपण दोघंही. मीसुद्धा आधी अचंबा लिहिला."

फौजी कोपऱ्यात उभे होते. "सर, माज्यामुळं तुमचं लय नुकसान झालं."

"जाधव, तुम्ही नसता तर मी खोटं सांगून डॉक्टर झालो असतो. त्याहून मोठं नुकसान कुठलं?"

साताऱ्याला मी बरोबर गेलो. सरांना वाटेत काही झालं तर, असं घरी सांगितलं. खरं तर मला बघायचं होतं. सभागृहात शंभरेक माणसं, पुढच्या रांगेत मुंबईचे शास्त्रज्ञ आणि सरांचे गाइड. सरांनी आलेख पडद्यावर टाकला. पायऱ्या पाहून कुजबूज झाली, शास्त्रज्ञ पुढं वाकले. सरांनी त्यांना पोटभर बघू दिलं. मग छडी पायरीवर टेकवून म्हणाले, "ह्या थांब्यांचं कारण अणूत नाही. आमच्याकडं रोज चारला लाइट जाते, हे कारण आहे." लोक हसले. त्यांना वाटलं विनोद झाला. सर हसले नाहीत, तेव्हा हळूहळू सगळे गप्प झाले. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चार आकडे, शून्यं, प्रोग्रॅममधली ती ओळ. फौजींचं नाव सांगितलं, हुद्द्यासकट. गाइड मान खाली घालून नखं बघत होते.

शास्त्रज्ञांनी विचारलं, "मग आपला निष्कर्ष काय?"

"निष्कर्ष अजून नाही. सध्या चूक आहे. ती नीट मांडायला दहा मिनिटं दिलीत, आभारी आहे."

बाहेर व्हरांड्यात गाइड म्हणाले, की आता मार्चपर्यंत नवं गणित होणं शक्य नाही आणि आणखी मुदत मिळणार नाही. सर म्हणाले, "मुदत संपली. गणित संपलेलं नाही." आणि पिशवी खांद्याला अडकवून चालायला लागले. मला त्या माणसाचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की मी त्यांची पिशवी ओढून घेतली. त्यांनी ती परत घेतली.

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीला ही झुंबड. दाराशी माणसांचा गोळा झाला होता. आम्ही आपले मागून रेटा देतोय. पुढचे आत गेले, दार लागलं, गाडी निघाली, आणि आम्ही दोघं स्टँडवर. सर एकदम हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "बघ पवार, पंधरा वर्षं हेच सांगतोय मी लोकांना. मागच्यांनी रेटलं म्हणून पुढचे पार." पुढची गाडी मिळेपर्यंत दिवस मावळला. बरोबर आणलेला डबा सरांनी माझ्या हातात दिला. मी एकट्यानं कसा खाल्ला असेन तो डबा, ते माझं मला माहीत.

सोमवारी दीडला लूना हजर. प्रत्येक भिंतीचं गणित पहिल्या आकड्यापासून पुन्हा. मी जनरेटरचा विषय काढला, नव्या कोऱ्या फ्लॉप्या आणून टेबलावर ठेवल्या. सरांनी त्या बाजूला सारल्या. "ज्या वाटेनं चुकलो, त्याच वाटेनं नीट जाऊन दाखवायचं." हा शुद्ध हट्टीपणा होता आणि मी तसं त्यांना सांगितलंही. आता दोनशे चाळीस आकडे, प्रत्येकाची दहा-दहा स्थळं. वाचतावाचता माझी जीभ वळायची, म्हणून फौजींनी ते काम स्वतःकडं घेतलं. सैन्यात वायरलेसवर बोलायची सवय. ताठ उभे राहून ओरडायचे, "जीरो जीरो जीरो जीरो तीन सात एक, ओव्हर!" आणि सर तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "मिळालं." गिऱ्हाइकं दारातच थबकायची.

चौदा महिने हे चाललं. मार्च आला आणि गेला, सरांचं नाव विद्यापीठाच्या यादीतून गेलं. त्या दिवशीही ते दीडला आले. त्याच दिवसांत मला टपालानं एक कार्ड आलं. सर रोज माझ्यासमोर बसत होते, तरी कार्ड पोस्टानं. 'चि. पवार यांस अनेक आशीर्वाद. मी तुम्हांस दशांशानंतर चार स्थळे पुरेत असे शिकवले. ते सर्व ठिकाणी खरे नाही. पुढे आकडा असेल तर तो लिहावा. कळावे.' नंतर कळलं, पत्ते सापडतील तेवढ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी अशी कार्डं घातली होती. कुणी बँकेत, कुणी शेतात, कुणी साखर कारखान्यात. त्यातल्या कितीजणांना पाचव्या स्थळाशी कर्तव्य होतं देव जाणे. एकजण मला भेटून म्हणाला, "सरांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "त्यांचंच आहे."

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये गणित पुरं झालं. सरांनी पुन्हा सगळे कागद चिकटवले, पुन्हा माझ्या फरशीवर अंथरले. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वर चढत गेली होती. पायरी कुठंच नाही. फौजी कडेनं चालत गेले आणि परत आले, बोटानं सगळी रेघ तपासली.

"थांबत नाही हो, जाधव," सर म्हणाले. "कुठंच थांबत नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

त्यावरचा तीन पानी निबंध पुढं एका नियतकालिकात आला. नावामागं डॉक्टर नव्हतं. शेवटी आभाराची एकच ओळ होती: थांब्यांचं कारण शोधून दिल्याबद्दल हणमंत जाधव, फिटर, कुपवाड, यांचे आभार. माझं नाव कुठंच नव्हतं. कॉम्प्युटर माझा, खुर्ची माझी, जीभ वळेपर्यंत शून्यं वाचणारा मी! पण सरांचं बरोबर होतं. मी वाचलेली शून्यं चुकीची होती. फौजींनी त्या पानाला लॅमिनेशन केलं आणि लेथवर लावलं. ते अजून तिथंच आहे, तेलाचे डाग पडलेले.

निवृत्तीनंतर सर मुलीकडं बेळगावला राहायला गेले आणि दोन वर्षांनी तिकडून बातमीच आली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात. कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. मी त्यांना निरोपाच्या जेवणाला बोलवायला गेलो होतो, अर्थात सूर्य मावळायच्या आतल्या. प्रयोगशाळा रिकामी झाली होती. दिवे लागले होते. शेवटच्या टेबलाशी एक मुलगी रडवेली होऊन मीटरकडं बघत बसली होती आणि सर तिच्या शेजारच्या स्टुलावर वाकून बसले होते. मी दारातच थांबलो.

"सर, शून्यच येतंय," ती म्हणाली.

"शून्य इतक्या लवकर येत नसतं, बाळ," सर म्हणाले. "पुन्हा बघ. पुढचा आकडा लिही."

तिनं डोळे पुसले आणि मीटरवर वाकली. खिडकीबाहेर ऊन उतरून गेलं होतं, सरांच्या ताटाची वेळ केव्हाच टळली होती. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं नाही.